पेण व रोहा तालुके: नांवें व सीमा

जुना कागद वाचतांना गांवाचें नांव लागतें. परंतु तें गांव त्या काळीं कोणत्या तालुक्यांत होतें हें न कळल्यास कागदाचा अर्थ निसटतो. पूर्वीचा कुलाबा, म्हणजे सांप्रतचा रायगड जिल्हा, यांतील पेण व रोहा या भागांविषयीं ही अडचण विशेष येते. म्हणून तेथील विभागांचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इंग्रजी अमलाच्या आरंभींच्या कागदांत पेण हें शहर आढळतें, पेण तालुका मात्र आढळत नाहीं. त्या तालुक्यास सांकशी म्हणत. सांकशी हा पेणजवळील डोंगरी किल्ला, इ. स. १५४० च्या सुमारास निजामशाही, गुजराथ व पोर्तुगीज यांच्यांत त्याकरितां झटापट झाली होती. मुलूख किल्ल्याच्या नांवानें ओळखावा हें त्या काळास अनुरूपच होतें, कारण किल्ल्याच्या बळावर वसूल होई आणि किल्ल्याच्या बेगमीस तो लागे. १८१८ नंतर किल्ल्यांचें महत्त्व गेलें व कारभार कचेरींत आला. कचेरीस बाजार, बंदर व रस्ता लागतो. हीं तिन्ही पेणेस होतीं. मीठ व भात अंतोरें बंदरांतून गलबतांनीं जाई, आणि बोरघाटाकडे जाणारी वाटही तेथूनच होती. अशा रीतीनें तालुक्याचें नांव किल्ल्यावरून उतरून बाजारांत आलें. सांकशीच्या जोडीचे राजपुरी व रायगड या विभागांचीं नांवेंही अशींच मागें पडून माणगांव, महाड हीं पुढें आलीं.

दक्षिण अमेरिकेंतील उरुग्वे या लहान देशाचे १९ विभाग आहेत. त्यांतील साल्तो, पायसांदू इत्यादि विभागांचें व त्यांच्या मुख्य नगरांचें नांव एकच आहे. नगर हेंच कारभाराचें केंद्र झालें म्हणजे हें सर्वत्र घडतें.

नांवांपेक्षां सीमा अधिक फसवितात. अंबा नदीवरील नागोठणें एकोणिसाव्या शतकांत पेणचा पेटा होतें. आज तें रोहा तालुक्यांत आहे. शेजारचें पाली तर १९४८ पर्यंत भोर संस्थानांत होतें. याच्या उलट, रोहा शहर व कुंडलिकेच्या उत्तर तीरावरील अष्टमी हीं नदीनें निराळीं केलेलीं असूनही त्यांची नगरपालिका एक आहे, व तिच्या नांवांत दोन्ही गांवांचीं नांवें राहिलीं आहेत. नदी ही सीमा होतेच असें नाहीं, हें यावरून दिसेल.

जिल्ह्याचीही कथा अशीच आहे. कुलाबा हा १८६९ सालीं ठाण्यापासून स्वतंत्र झाला. पुढें १८८३ सालीं पनवेल व १८९१ सालीं कर्जत त्यास मिळालें. १९८१ सालीं त्यास रायगड हें नांव मिळालें. तालुक्यांनीं किल्ल्यांचीं नांवें टाकलीं. जिल्ह्यानें मात्र एका किल्ल्याचें नांव सोडून दुसऱ्याचें घेतलें, कारण कुलाबा हाही अलिबागेचा जलदुर्गच होय.

सबब, पेणच्या गांवांचा शोध करणारानें सांकशी तालुका पाहावा, नागोठण्याचे जुने कागद पेणेंत शोधावे, व पालीकरितां भोरचें दफ्तर चाळावें. आजचा नकाशा पुढें ठेवून जुनें दफ्तर धुंडाळल्यास कागद असूनही तो नाहीं असा निर्णय होतो, आणि एखाद्या घराण्याचा किंवा गांवाचा इतिहास त्या निर्णयाखालीं कायमचा दडपला जातो.