बदलत्या गुरुत्वाखालील पतनकाल
पृथ्वीच्या केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात गुरुत्वत्वरण (ग) कमी होते. त्यामुळे पतनकालाचे √(2उ/ग) हे शालेय सूत्र केवळ लहान उंचीपुरते (उ) खरे असते. उंची पृथ्वीच्या त्रिज्येच्या (त्र, 6,371 किमी.) मानाने लहान असली, तर त्या सूत्राला (1 + 5उ/6त्र) ने गुणावे.

महाड तालुक्यात सावित्रीकाठचे दासगाव समुद्रसपाटीलगत आहे, तर रायगडाची उंची सुमारे 820 मी. आहे. हवेचा विरोध सोडल्यास एवढ्या उंचीवरून पडणाऱ्या दगडाला 12.9 सेकंद लागतात. बदलत्या गुरुत्वामुळे त्यात जेमतेम 1.4 सहस्रांश सेकंदाची भर पडते. सह्याद्रीच्या कड्यांसाठी शालेय सूत्रच पुरेसे आहे.

उंची त्रिज्येएवढी झाली की मात्र ते साफ चुकते. त्याने 19 मिनिटे येतात. खरा पतनकाल साडेचौतीस मिनिटे असतो. तो काढताना ऊर्जेच्या अक्षय्यतेवरून प्रत्येक अंतरावरील वेग मिळवून संकलन करावे लागते.

सर्वांत देखणी रीत केप्लरच्या तिसऱ्या नियमाची. सरळ पतन म्हणजे अत्यंत चपट्या लंबवर्तुळाची अर्धी फेरी. म्हणून केंद्रापर्यंतचा पतनकाल त्याच अंतरावरील वर्तुळाकार कक्षेच्या आवर्तकाळाला 4√2 ने भागून मिळतो. चंद्राचा आवर्तकाळ 27.3 दिवस आहे. तो कक्षेत थबकला, तर सुमारे 4.8 दिवसांत पृथ्वीवर कोसळेल.