इंग्रजी भाषेच्या प्रवेशपरीक्षा

इंग्रजी भाषेच्या प्रवेशपरीक्षा : उच्च शिक्षणास, विशेषतः पदव्युत्तर शिक्षणास, प्रवेश देण्यापूर्वी उमेदवाराचे इंग्रजी व्याकरण व शब्दसंग्रह यांवरील प्रभुत्व अजमावणाऱ्या परीक्षा. ज्या देशांत इंग्रजी ही बहुसंख्यांची मातृभाषा नाही, तेथे या परीक्षांना विशेष महत्त्व प्राप्त झाले आहे. उमेदवार पुढील अभ्यास इंग्रजी ग्रंथांच्या आधारे करू शकेल किंवा नाही, हे ठरविणे हा त्यांचा उघड हेतू होय. प्रत्यक्षात मात्र उमेदवार कोणत्या गावी व कोणत्या शाळेत शिकला, याचेही मापन त्या नकळत करीत असतात. महाराष्ट्रात या परीक्षांचा इतिहास मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेपासून सुरू होतो. मराठवाड्यात तो निराळ्या मार्गाने घडला असल्याने त्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर झाली. ते अध्यापन करणारे नव्हते. परीक्षा घेणे व पदव्या देणे एवढेच त्याचे काम होते. साहजिकच परीक्षा हेच विद्यापीठाचे दृश्य रूप ठरले. पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे मॅट्रिक, १८५९ मध्ये घेण्यात आली आणि तीत मोजकेच उमेदवार उत्तीर्ण झाले. महादेव गोविंद रानडे (१८४२–१९०१) व रामकृष्ण गोपाळ भांडारकर (१८३७–१९२५) हे त्यांपैकी होत. १८६२ मध्ये या दोघांसह बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक असे चौघेच विद्यापीठाचे पहिले बी. ए. झाले. उमेदवारास इतर विषय कितीही चांगले येत असले, तरी ते इंग्रजीतूनच सिद्ध करावे लागत. त्यामुळे इंग्रजीची परीक्षा एकाच उत्तरपत्रिकेपुरती मर्यादित राहिली नाही, ती सर्व उत्तरपत्रिकांतून घेतली जात असे.

प्रारंभी विद्यापीठाच्या परीक्षांत देशी भाषांनाही स्थान होते. १८६० नंतरच्या दशकात सर अलेक्झांडर ग्रँट यांच्या प्रभावामुळे पदवीच्या अभ्यासक्रमातून त्या वगळल्या गेल्या व त्यांच्या जागी संस्कृत, लॅटिन यांसारख्या अभिजात भाषा आल्या. विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी असलेल्या रानड्यांनीच पुढे देशी भाषांच्या पुनःप्रवेशासाठी विद्यापीठात दीर्घकाळ प्रयत्न केले. एम्. ए. परीक्षेत मराठीला स्थान मिळाले ते १९०१ मध्ये. त्याच वर्षीच्या जानेवारीत रानड्यांचे निधन झाले.

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. उताऱ्यातील शब्दांचे व्याकरण चालविणे, वाक्यांचे पृथक्करण करणे, पद्याचा अर्थ गद्यात मांडणे, देशी भाषेतून इंग्रजीत भाषांतर करणे आणि निबंध लिहिणे, ही तिची प्रमुख अंगे होत. इंग्लंडमधील शाळांत लॅटिन शिकविण्याची जी रीत होती, तीच येथे इंग्रजीला लावण्यात आली होती. या रीतीने बोली इंग्रजी फारशी येत नसे. पण भाषेच्या रचनेकडे बारकाईने पाहण्याची सवय लागे, हा तिचा गुण मान्य केला पाहिजे. तिचा एक अनपेक्षित परिणाम मराठी व्याकरणावरही झाला. गोपाळ गणेश आगरकर (१८५६–९५) यांचा वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण (१८८८) हा ग्रंथ म्हणजे इंग्रजीच्या अभ्यासातून आलेल्या पृथक्करणपद्धतीचा मराठी वाक्याला लावलेला उपयोग होय.

परीक्षेच्या गरजेतून पुस्तकांची एक बाजारपेठही उभी राहिली. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला मराठी घरांत अनेक पिढ्या वापरली गेली. नेसफील्ड यांचे व्याकरण उत्तर हिंदुस्थानातून सर्वत्र पसरले. पुढे रेन व मार्टिन यांच्या व्याकरणाने त्याची जागा घेतली. यांपैकी पी. सी. रेन यांनी कराची व पुणे येथे, म्हणजे तत्कालीन मुंबई इलाख्यातच, शिक्षण खात्यात काम केले होते. सामान्य वाचक मात्र त्यांना साहसकथांचे लेखक म्हणून ओळखतात. ही पुस्तके मुखोद्गत केली की परीक्षा सुटते, असा समज रूढ झाला व तो पुष्कळसा खराही होता.

इंग्रजीला ‘वाघिणीचे दूध’ म्हणण्याचा प्रघात याच काळातला. मात्र हे दूध कोणत्या गावी मिळत होते, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. मुंबई, पुणे, रत्नागिरी अशा ठिकाणी इंग्रजी शाळा होत्या. तालुक्याच्या गावी बहुधा नव्हत्या. स्त्रियांच्या वाट्याला तर त्या फारच थोड्या आल्या. ही अडचण ओळखून धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले. मातृभाषा हे शिक्षणाचे माध्यम व इंग्रजी हा आवश्यक विषय, अशी त्याची रचना होती. त्याला कायद्याने मान्यता मिळण्यास स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडावा लागला.

कर्व्यांच्या पाठोपाठ दोनच वर्षांनी हैदराबाद संस्थानात उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले (१९१८). माध्यम उर्दू आणि इंग्रजी सक्तीचा विषय, असे त्याचे धोरण होते. पाश्चात्त्य शास्त्रांवरील पुस्तके उर्दूत आणण्यासाठी भाषांतर विभागही उघडण्यात आला. भारतीय भाषेतून विद्यापीठीय शिक्षण देण्याचा हा प्रयोग धाडसी होता, यात शंका नाही. तथापि संस्थानातील बहुसंख्य लोकांच्या भाषा तेलुगू, मराठी व कन्नड या होत्या. त्यामुळे मराठवाड्यातील औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांवर दुहेरी भार पडला.

हा भार कसा होता, हे बीड जिल्ह्यातील माजलगावच्या उदाहरणावरून कळेल. सिंदफणा नदीच्या परिसरातील हे तालुक्याचे ठिकाण. येथील मुलाची घरची भाषा मराठी. माध्यमिक शिक्षण घ्यावयाचे तर उर्दू. आणि विद्यापीठाच्या दारात सक्तीची इंग्रजी. लगतच्या अहमदनगर जिल्ह्यातील मुलास मराठीतून इंग्रजीत असे एकच स्थित्यंतर करावे लागे; बीड जिल्ह्यातील मुलास दोन करावी लागत. शिवाय उर्दूसाठी निराळी लिपी शिकावी लागे, ती वेगळीच. दोघांची इंग्रजीची उत्तरपत्रिका शेजारी ठेवून तुलना केली, तर त्यांच्या बुद्धीविषयी काय निष्पन्न होणार?

मराठवाड्यात या काळात उच्च शिक्षणाची सोय अत्यंत अपुरी होती. १९२३ मध्ये औरंगाबाद येथे इंटरमीजिएट महाविद्यालय सुरू झाले. त्यापुढील शिक्षणासाठी हैदराबादला अथवा संस्थानाबाहेर जावे लागे. हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळा व अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा यांसारख्या खाजगी संस्थांनी मराठी मुलांच्या शिक्षणाची धुरा वाहिली. स्वामी रामानंद तीर्थ (१९०३–७२) यांनी या दोन्ही ठिकाणी मुख्याध्यापक म्हणून काम केले. १९३८ च्या ‘वंदे मातरम्’ सत्याग्रहात भाग घेतल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठाने अनेक विद्यार्थ्यांना काढून टाकले. औरंगाबादच्या महाविद्यालयातील विद्यार्थीही या चळवळीत होते. नागपूर विद्यापीठाने कुलगुरू टी. जे. केदार यांच्या पुढाकाराने यांतील अनेकांना प्रवेश दिला. चळवळीच्या इतिहासात या घटनेची नोंद सर्वत्र होते. परंतु उर्दू माध्यमातून शिकलेल्या या तरुणांना एकाएकी इंग्रजी माध्यमात बसावे लागले, ही तिची भाषिक बाजू सहसा दुर्लक्षित राहते.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर उस्मानिया विद्यापीठाचे उर्दू माध्यम जाऊन इंग्रजी आले. एक ओझे उतरले व दुसरे वाढले. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. ग्रामीण व दलित विद्यार्थ्यांची पहिली पिढी येथे विद्यापीठीय इंग्रजीला सामोरी गेली. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली (१९९४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असे नामांतर). त्याचे पहिले कुलगुरू सुं. रा. डोंगरकेरी हे पूर्वी मुंबई विद्यापीठाचे रजिस्ट्रार होते; त्यांच्याबरोबर मुंबईचा परीक्षाविषयक अनुभव येथे आला. त्याच वर्षी हैदराबाद येथे केंद्रीय इंग्रजी संस्था निघाली. पुढे तालुक्याच्या गावीही महाविद्यालये झाली. माजलगावचे सुंदरराव सोळंके महाविद्यालय हे त्यांपैकी एक. कला व वाणिज्य शाखांत मराठी माध्यम रुळले. विज्ञान शाखेत आणि पुष्कळशा पदव्युत्तर विषयांत मात्र इंग्रजी कायम राहिली. परिणामी पूर्वी मॅट्रिकच्या दारात होणारी इंग्रजीची अडवणूक नाहीशी न होता पदवीनंतरच्या दाराशी सरकली. कोठारी आयोगाने (१९६४–६६) इंग्रजीला ग्रंथालयीन भाषा म्हणून मान दिला होता; परंतु ग्रंथ वाचता येणे व परीक्षेतील व्याकरणाचे प्रश्न सोडविता येणे, ही कौशल्ये एक नव्हेत.

मराठी भाषकाच्या चुका कोठे होतात, हे पाहिले म्हणजे हा फरक स्पष्ट होतो. मराठीत उपपदे नाहीत. त्यामुळे इंग्रजीतील ‘अ’ व ‘द’ यांची योजना पदवीधरालाही चकविते. ‘मी काल ते पत्र वाचले आहे’ हे मराठीत खटकत नाही. इंग्रजीत ‘काल’ आणि पूर्ण वर्तमानकाळ एकत्र नांदत नाहीत. ‘तो म्हणाला, की मी येतो’ या वाक्यात मराठी वक्त्याचा ‘मी’ व त्याचा काळ तसाच ठेवते. इंग्रजी अप्रत्यक्ष कथनात दोन्ही बदलावे लागतात. ‘विषयी चर्चा करणे’ या सवयीमुळे ‘डिस्कस’ या क्रियापदापुढे ‘अबाउट’ हमखास येतो. यांपैकी एकाही चुकीने अर्थ अडत नाही. तरीही ‘डू ॲज डायरेक्टेड’ या परिचित सदराखाली नेमके हेच मुद्दे विचारले जातात, कारण त्यांचे उत्तर एकच असते आणि तपासणे सोपे जाते.

शब्दसंग्रहाच्या प्रश्नांची स्थिती थोडी वेगळी आहे. समानार्थी व विरुद्धार्थी शब्द, शब्दांतील साम्यसंबंध, गाळलेल्या जागा, असे त्यांचे प्रकार. विद्वत्तेच्या इंग्रजीतील बरेच शब्द लॅटिन व ग्रीक धातूंना उपसर्ग व प्रत्यय लागून झालेले असतात. मराठी विद्यार्थ्यास ‘अनु’, ‘प्रति’, ‘उप’ यांनी संस्कृत शब्द कसे घडतात, हे ठाऊक असते. त्याच किल्लीने इंग्रजीचे हे दालन उघडता येईल. दुर्दैवाने वर्गात ती किल्ली न देता शब्दांच्या याद्या पाठ करण्यास दिल्या जातात. भाषेचा एकेक घटक सुटा करून तपासण्याच्या पद्धतीची शास्त्रीय मांडणी रॉबर्ट लाडो यांनी १९६१ मध्ये केली. सलग उताऱ्यातील ठरावीक शब्द गाळून ते भरावयास लावण्याची ‘क्लोज’ पद्धत विल्सन टेलर यांनी त्याआधीच, १९५३ मध्ये, सुचविली होती. तीत व्याकरण, शब्दज्ञान व आकलन यांची एकत्र परीक्षा होते, म्हणून पुढील काळात ती अधिक ग्राह्य मानली गेली. अमेरिकेतील पदव्युत्तर प्रवेशासाठी होणाऱ्या जीआरई परीक्षेतूनही विरुद्धार्थी शब्द व साम्यसंबंध यांचे प्रश्न २०११ मध्ये वगळण्यात आले.

या प्रश्नाचे सर्वांत विस्तृत रूप चीनमध्ये पाहावयास मिळते. सांस्कृतिक क्रांतीनंतर १९७८ मध्ये तेथे पदव्युत्तर प्रवेश पुन्हा सुरू झाले. राष्ट्रीय प्रवेशपरीक्षेत राज्यशास्त्रीय विचार व स्वतःचा विषय यांबरोबर परकीय भाषा अनिवार्य असते. बहुतेक उमेदवारांच्या बाबतीत ती इंग्रजी असते. तिच्यासाठी सुमारे ५,५०० शब्दांची यादी अभ्यासक्रमात नेमलेली आहे. वाक्यरचना व शब्दसंग्रह यांचा स्वतंत्र विभाग २००२ मध्ये काढून टाकण्यात आला. उताऱ्यातील गाळलेले शब्द, वाचन, भाषांतर व लेखन हे भाग राहिले. एकूण गुणांबरोबर इंग्रजीतही किमान गुण मिळवावे लागतात आणि खरी अडचण येथे उद्भवते. प्रख्यात चित्रकार चेन दानछिंग यांनी छिंगह्वा विद्यापीठातील अध्यापकपद सोडले, तेव्हा चित्रकलेत गुणी असलेले उमेदवार इंग्रजीच्या गुणांअभावी नाकारले जातात, हे एक कारण त्यांनी दिले. २००५ मध्ये या राजीनाम्यावर तेथे मोठी चर्चा झाली. चिनी क्रियापदास काळाचे विकार होत नाहीत व चिनीतही उपपदे नाहीत. तेव्हा बीजिंगचा चित्रकलेचा विद्यार्थी आणि बीडचा इतिहासाचा विद्यार्थी बऱ्याच अंशी एकाच जागी अडतात.

इंग्रजीचे गुण गुणानुक्रमात धरावेत की तिची केवळ पात्रता पाहावी, हा भारतातही वादाचा विषय झाला आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाने १९७९ पासून नागरी सेवा परीक्षा भारतीय भाषांतून देण्याची मुभा दिली व इंग्रजीचा स्वतंत्र पेपर केवळ पात्रतेपुरता ठेवला. मार्च २०१३ मध्ये इंग्रजीचे गुण गुणानुक्रमात धरण्याचा निर्णय जाहीर झाला. संसदेत व बाहेर विरोध झाल्याने तो त्याच महिन्यात स्थगित करावा लागला. पात्रतेची पद्धत विद्यापीठांनाही अनुकरणीय आहे. किमान वाचनक्षमता नसलेला संशोधक विषयाला न्याय देऊ शकणार नाही, हे खरे. पण ती सिद्ध झाल्यावर उपपदांच्या चुकांनी इतिहास किंवा वनस्पतिशास्त्र यांतील क्रम खाली येण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रात २००० पासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविण्यास सुरुवात झाली, त्यामुळे आरंभ करण्याच्या वयातील अंतर कमी झाले. शिक्षक, ग्रंथालये व वाचनसाहित्य यांतील अंतर तितक्या प्रमाणात कमी झाले नाही. अध्यापकपदाच्या पात्रतेसाठी १९८९ पासून घेण्यात येणारी राष्ट्रीय परीक्षा, म्हणजे नेट, भाषाविषय वगळता इंग्रजी व हिंदी या भाषांत असते. तिला समांतर असलेल्या महाराष्ट्राच्या सेट परीक्षेत अनेक विषयांच्या प्रश्नपत्रिका इंग्रजीबरोबर मराठीतही दिल्या जातात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच्. डी. साठी प्रवेशपरीक्षा आवश्यक केली व विद्यापीठांनी आपापल्या ‘पेट’ परीक्षा सुरू केल्या. मराठी माध्यमातून एम्. ए. झालेला ग्रामीण उमेदवार या परीक्षांना बसतो, तेव्हा विषयाची प्रश्नपत्रिका कोणत्या भाषेत छापलेली आहे यावर त्याचे पुष्कळसे भवितव्य अवलंबून असते.