डिक स्मिथ : रेडिओच्या दुकानातून ध्रुवापर्यंत

मोटारींत रेडिओ बसवून देणारा दुकानदार एके दिवशी एकट्याने हेलिकॉप्टर उडवीत उत्तर ध्रुवावर पोहोचतो, हे कादंबरीत वाचले असते तर अतिरंजित वाटले असते. ऑस्ट्रेलियातील उद्योजक डिक स्मिथ यांनी ते प्रत्यक्षात आणले. १९४४ मध्ये जन्मलेल्या स्मिथ यांनी १९६८ मध्ये सिडनीत अवघ्या ६१० डॉलरच्या भांडवलावर मोटार-रेडिओचा व्यवसाय थाटला. पुढे इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणारी त्यांची दुकाने देशभर पसरली. १९८२ पर्यंत हा सारा व्यवसाय त्यांनी वूलवर्थ्स या कंपनीला विकून टाकला. चाळिशीही न गाठलेल्या यशस्वी व्यापाऱ्याने निवृत्त व्हावे, हे अनेकांना वेडेपणाचे वाटले असेल.

विमानांचे वेड मात्र जुने होते. १९२९ मध्ये बेपत्ता वैमानिक किंग्सफोर्ड स्मिथ यांच्या शोधार्थ निघालेले कीथ अँडरसन व बॉब हिचकॉक यांचे 'कूकाबुरा' हे विमान तनामी वाळवंटात उतरले आणि दोघेही तहानेने तडफडून मरण पावले. कालांतराने त्या विमानाचा ठावठिकाणाही हरवला. डिक स्मिथ यांनी मोहीम काढून १९७८ मध्ये त्याचे अवशेष शोधून काढले. स्वतः जोखीम पत्करण्यापूर्वी तिची किंमत त्यांनी अशी जवळून पाहिली होती.

५ ऑगस्ट १९८२ रोजी टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथून त्यांनी बेल जेटरेंजर हेलिकॉप्टरने उड्डाण केले. इंजिन एकच आणि खाली उत्तर अटलांटिकचे गोठवणारे पाणी. ते बंद पडले असते तर मदतीला शेजारी कोणीही नव्हते. टप्प्याटप्प्याने केलेली ही प्रदक्षिणा २२ जुलै १९८३ रोजी पूर्ण झाली. हेलिकॉप्टरने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिलेच. १९८७ मध्ये त्यांनी उत्तर ध्रुव गाठला, तर १९९३ मध्ये जॉन वॉलिंग्टन यांच्यासह बलूनमधून अख्खे ऑस्ट्रेलिया खंड न थांबता ओलांडले. देशाच्या नागरी हवाई प्राधिकरणाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. तेथील त्यांच्या सुधारणा मात्र वादग्रस्त ठरल्या.

दातृत्वातही त्यांचा स्वभाव तसाच रोखठोक. दान न करणाऱ्या धनिकांना त्यांनी जाहीरपणे खडसावले. १९९९ मध्ये स्थापलेल्या 'डिक स्मिथ फूड्स'च्या नफ्यातून एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम धर्मादाय संस्थांना मिळाली. ती कंपनी २०१९ मध्ये बंद झाली. त्याआधीच, २०१६ मध्ये, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांना टाळे लागले होते. त्यांच्याशी स्मिथ यांचा संबंध तीन दशकांपूर्वीच संपला होता. पाट्यांवरचे नाव मात्र अखेरपर्यंत त्यांचेच होते.