एका घरात अनेक चौरंग : कोरियातल्या जेवणाच्या रीतींचा इतिहास

मंडळी, कोरियन मालिका बघणारे तुमच्यात बरेच असणार, तेव्हा नियम मी नव्याने सांगायला नकोत. घरातल्या वडीलधाऱ्याने चमचा उचलल्याशिवाय इतरांनी उचलायचा नाही. भाताचं वाडगं हातात घ्यायचं नाही. भातात चमचा उभा खोचायचा नाही, कारण तसा तो पितरांच्या विधीत खोचतात. मोठ्यांना दारू ओतायची ती दोन्ही हातांनी, आणि त्यांच्यासमोर प्यायची तर मान बाजूला वळवून. हे ऐकताना आपल्या डोळ्यांसमोर एका टेबलाभोवती बसलेलं कुटुंब येतं. गंमत अशी, की ते टेबलच फार जुनं नाही.

जोसन राजवट १३९२ ते १९१० अशी पाचशेहून जास्त वर्षं चालली. त्या काळातल्या खानदानी घरात जेवण यायचं ते 'सोबान'वर. सोबान म्हणजे छोटा, हलका, एका माणसापुरता चौरंग. ताटही तेच आणि टेबलही तेच. याला घराची बांधणीही कारण होती. जुन्या कोरियन घरात चुलीचा धूर आणि ऊब जमिनीखालून नेऊन खोल्या गरम करत. त्यामुळे चूल खोलीच्या जमिनीपेक्षा खाली असे आणि स्वयंपाकघरही खोलगट. तिथे सगळं वाढून, चौरंग दोन्ही हातांत धरून, पायरी चढून, बाहेरून फिरून पुरुषांच्या दालनात न्यायचा. नेणार कोण? सुना आणि मोलकरणी.

घरात जितके मानाचे पुरुष, तितके चौरंग. बापलेक एका चौरंगावर बसत नसत. आजोबा आणि नातू मात्र बसू शकत. म्हणजे 'मोठ्यांनी आधी सुरू करायचं' हे तिथे डोळ्यांनी बघण्यापेक्षा चौरंग कुणापुढे आधी आला त्यावरून कळायचं. उतरंड हातवाऱ्यांत नव्हती, ती लाकडात होती!

आता यातला खरा मुद्दा. वरच्याचं जेवण झालं की उरलेल्यासकट तो चौरंग खालच्याकडे जायचा. याला 'सांगमुल्लिम' म्हणत. आजोबांच्या पुढ्यातून मुलांकडे, मुलांकडून बायकांकडे आणि नोकरांकडे. म्हणून घरच्या कर्त्याने वाडगं चाटूनपुसून संपवणं बरं दिसत नसे. थोडा भात, माशाचा एखादा तुकडा मागे ठेवणं हा शिष्टाचार होता. पुस्तकांत याला औदार्य म्हणतील. पण रांगेच्या शेवटी, स्वयंपाकघरात खालीच बसून जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला मासा यायचा की नुसतं कालवण, हे त्या औदार्यावर ठरायचं. आपल्याकडच्या शेवटच्या पंगतीला बसलेल्या आज्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना जास्त सांगायला नको.

याच काळातला एक लेखक मला फार आवडतो. यी दॉक-मू, १७४१ ते १७९३. दुय्यम मानलेल्या शाखेत जन्मलेला, त्यामुळे मोठ्या पदांची दारं बंद. गरीब, पण पुस्तकवेडा. एकदा घरात खायला नव्हतं तेव्हा त्याने जवळचा मेन्शियसचा ग्रंथ विकून पोट भरलं आणि ते मित्राला लिहूनही कळवलं. या माणसाने १७७५ मध्ये 'सासोजॉल' नावाचं रोजच्या वागण्याचं पुस्तक लिहिलं. त्यात बायकांसाठी एक सूचना अशी, की लेट्यूसच्या पानात भात गुंडाळून खाताना घास तोंडात मावणार नाही एवढा मोठा करू नये, ते शोभत नाही. मला यात उपदेशापेक्षा बातमी जास्त दिसते. बायका मोठमोठे घास करून, मजेत खात होत्या, म्हणून तर लिहावं लागलं!

आणि कष्टकरी? किम होंग-दो या त्याच शतकातल्या चित्रकाराचं दुपारच्या जेवणाचं एक चित्र आहे. उघड्या अंगाची माणसं जमिनीवर बसून जेवतायत, एक बाई बाळाला पाजतेय, कुत्रं बघतंय. चौरंग एकही नाही. गुत्त्याच्या दुसऱ्या चित्रात तर एक गिऱ्हाईक वाडगं तिरकं करून तळाचं खरवडतोय.

चमच्याची गोष्ट मात्र खरोखर जुनी. बेकजे राज्याचा राजा मुर्याँग ५२३ मध्ये वारला. त्याची कबर गोंगजू इथे १९७१ मध्ये सापडली, आणि तीत कांस्याचे चमचे आणि चॉपस्टिक्स होत्या. चीन-जपानमध्ये पुढे भातही चॉपस्टिक्सने खाऊ लागले, कोरियात तो चमच्यानेच राहिला. चमचा असला की वाडगं तोंडाजवळ न्यायची गरज उरत नाही. त्यात भांडी काशाची, जड आणि गरम भाताने चटका देणारी. वाडगं न उचलण्याच्या नियमामागे नीतीपेक्षा धातू जास्त आहे, असं माझं मत.

मग चौरंग गेले कधी? जपानी अमलात, १९१० नंतर. शहरातल्या उपाहारगृहांत मोठी, सामायिक मेजं आली. १९३० च्या दशकात वर्तमानपत्रांतून सुधारक लिहू लागले, की हे वेगवेगळे चौरंग बंद करा, घरातल्या बाईचे हाल होतात, सगळे एकत्र जेवा. युद्धकाळात जपानी सरकारने घराघरांतली काशाची भांडी शस्त्रांसाठी उचलून नेली. पुढे ॲल्युमिनियम आलं, मग स्टेनलेस स्टील.

एकत्र बसल्यावर अडचण अशी झाली, की आता मोठा कोण हे चौरंग सांगेना. मग ते काम चमच्यावर, हातांवर, वळवलेल्या मानेवर आलं. हे हावभाव जुनेच, पण त्यांच्यावरचा भार नवा.

स्टीलच्या वाडग्याचं मापसुद्धा सरकारने ठरवलं. तांदळाचा तुटवडा होता, म्हणून १९७६ मध्ये सोल शहराने उपाहारगृहांना भाताचं वाडगं नेमून दिलं : रुंदी १०.५ सेंटिमीटर, उंची ६. जुन्या चित्रांतल्या वाडग्यांपुढे हे अगदीच चिमुकलं. कोरियन हॉटेलात आजही झाकणासकट समोर येतं ते साधारण तेच. हात लावून बघा, चटका बसतो.