पॅकेट रेडिओतील नोड सॉफ्टवेअर
हौशी रेडिओ प्रचालकांच्या जालकातील मध्यस्थ केंद्रांचे (नोडांचे) नियंत्रण करणारी आज्ञावली. पॅकेट रेडिओत मजकुराचे लहान तुकडे करून, प्रत्येकावर पाठविणाऱ्या व घेणाऱ्या स्थानकाचे संकेतनाम घालून ते प्रेषित करतात. याचा प्रारंभ कॅनडात १९७८ मध्ये झाला. अमेरिकेतील टॅपर या संस्थेने झेड-८० सूक्ष्मप्रक्रियकावर आधारलेले टीएनसी-२ हे उपकरण १९८५ मध्ये उपलब्ध केल्यावर त्याचा झपाट्याने प्रसार झाला.

आरंभी डोंगरमाथ्यावरील केंद्रे आलेले पॅकेट तसेच पुढे पाठवीत. १९८४ च्या एएक्स.२५ नियमसंचानुसार अशी आठपर्यंत केंद्रे एका मार्गात गुंफता येत. पोच मात्र अखेरच्या स्थानकाकडूनच मिळे. प्रत्येक टप्प्यात १०० पैकी ८० पॅकेटे पोहोचत असली, तरी चार टप्प्यांनंतर जेमतेम ४१ उरत. हरवलेले पॅकेट मूळ स्थानकाला पहिल्यापासून पाठवावे लागे.

सॉफ्टवेअर २००० या अमेरिकन संस्थेच्या नेट/रॉम (१९८७) या आज्ञावलीने ही अडचण पुष्कळशी दूर केली. प्रत्येक नोड शेजारच्या नोडकडून पोच घेऊ लागला व आपणांस ठाऊक असलेल्या मार्गांची यादी ठराविक काळाने प्रक्षेपित करू लागला. दोष या यादीतच होता. वातावरणाच्या अनुकूलतेमुळे एखाद्या रात्री दूरचा नोड क्षणभर ऐकू आला, तरी तो मार्ग यादीत शिरे, शेजारी तो उचलीत आणि सकाळी संदेश बंद झालेल्या वाटेने निघत. मार्गांच्या गुणवत्तेचे ० ते २५५ पर्यंतचे आकडे बसविणे व शिळे मार्ग गाळणे हेच देखभालीचे खरे काम ठरले. आज्ञावली एप्रॉम चिपमध्ये असे. ती बदलावयाची म्हणजे चिप जंबुपार किरणांनी पुसून, पुन्हा लिहून डोंगरावर न्यावयाची. हिवाळ्यात याला हौस म्हणणे कठीणच.

नेट/रॉम विकत घ्यावी लागे. जर्मनीतील नॉर्ड-लिंक गटाची द नेट ही आज्ञावली हौशी प्रचालकांना विनामूल्य मिळू लागली, तेव्हा ती नेट/रॉमवरूनच उचलली असल्याचा आक्षेप निघून मोठा वाद झाला. तथापि सुधारणा करू इच्छिणाऱ्यांना मूळ संहिता लाभली, हे तिचे महत्त्व नाकारता येत नाही. ब्रिटनमध्ये तीवरूनच एक्स-१ या आवृत्त्या निघाल्या.

इंटरनेटच्या प्रसारानंतर बहुतेक नोड बंद पडले. वैयक्तिक संगणकावर चालणारी ब्रिटिश बीपीक्यू ही आज्ञावली मात्र पुढे विंडोज व लिनक्स प्रणालींसाठी नव्याने लिहिली गेली. आजही ती जुन्या टीएनसी-२ नोडांशी नेट/रॉमच्याच पद्धतीने व्यवहार करू शकते.