बाजाराची वाट

गेल्या महिन्यात शाळेच्या स्टाफरूममध्ये चहा पिताना एका सहकाऱ्याने प्रश्न टाकला. त्यांनी कुठेतरी व्हिडिओ पाहिला होता. म्हणाले, "सर, बल्गेरियासारख्या गरीब देशातला माणूस इंग्लंडला जातो, चार-पाच वर्षांत गावाकडे घर बांधतो. आणि तुमचा सुदानी तिथे जाऊन सरकारी भत्त्यावर पडून राहतो. असे का?" 'तुमचा' हा शब्द त्यांनी वाईट हेतूने वापरला नव्हता, हे मला ठाऊक आहे. सुदानी मुसलमान, मी मुसलमान, म्हणून 'तुमचा'. मला लगेच उत्तर देता आले नाही. तास सुरू झाला. पण प्रश्न डोक्यात राहिला, म्हणून वाचत गेलो. आज जे हाती लागले ते इथे मांडतो.

आधी एक जुनी गोष्ट. बहुतेक वाचकांना ती माहीत असेल. मक्केहून हिजरत करून आलेल्या मुहाजिरांची आणि मदिनेच्या अन्सारांची प्रेषित मुहम्मद (स.) यांनी जोडीजोडीने भाऊबंदकी लावून दिली. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ यांचे भाऊ झाले सअद बिन रबीअ. सअद श्रीमंत होते. त्यांनी आपली निम्मी मालमत्ता देऊ केली. अब्दुर्रहमान यांनी दुआ दिली आणि एवढेच विचारले की बाजार कुठे आहे ते मला दाखवा. पहिल्याच दिवशी ते तूप आणि सुके पनीर घेऊन परतले, आणि पुढे मदिनेतल्या मोठ्या व्यापाऱ्यांत त्यांची गणना झाली. आपल्या जलशांमध्ये ही गोष्ट स्वाभिमानाची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण तिच्यात दुसराही एक भाग आहे. त्यांनी बाजार विचारला आणि त्यांना तो दाखवला गेला. कोणी म्हणाले नाही की तुमचे कागद तपासून होईपर्यंत वर्षभर थांबा, तोवर खरेदी-विक्री करायची नाही.

आता १९८९ या वर्षाकडे येऊ. ३० जूनला खार्टूममध्ये उमर अल बशीर या लष्करी अधिकाऱ्याने निवडून आलेले सरकार उलथवले. १० नोव्हेंबरला, बर्लिनची भिंत कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशी, सोफियात पस्तीस वर्षे सत्तेवर असलेले तोदोर झिवकोव्ह पायउतार झाले. एका देशाचे दार बंद होऊ लागले, दुसऱ्याचे उघडू लागले. दोन्ही समाजांची आजची स्थिती समजून घ्यायची तर सुरुवात इथून करावी लागते. लोक किती कष्टाळू आहेत, यावरून नाही.

सुदानी माणूस पूर्वीपासून भुकेकंगाल होता, असे समजायचे कारण नाही. १९२५ मध्ये सेन्नार धरण झाले आणि ब्लू नाईलच्या पाण्यावर गेझिराची प्रचंड कापूस योजना उभी राहिली. तो कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना जात असे. १९२४ मध्ये खार्टूमला वैद्यकीय शाळा सुरू झाली होती. १९५६ मध्ये स्वातंत्र्य मिळाले तेव्हा सुदानकडे इंग्रजी शिकलेला डॉक्टर, इंजिनिअर, कारकून यांचा वर्ग तयार होता. याच वर्गातले काही जण ब्रिटनला गेले. मात्र एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. भारत-पाकिस्तानचा माणूस राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून १९६२ पर्यंत जवळजवळ मोकळेपणाने ब्रिटनमध्ये जाऊन गिरणीत, फाउंड्रीत कामाला लागू शकत होता. सुदान हा ब्रिटन आणि इजिप्त यांच्या संयुक्त अमलाखालचा मुलूख होता. स्वतंत्र झाल्यावर तो राष्ट्रकुलात गेला नाही. त्यामुळे मिरपूरच्या शेतकऱ्याला ब्रॅडफर्डचे जे दार मिळाले ते गेझिराच्या शेतकऱ्याला कधी मिळालेच नाही. ब्रिटनमध्ये सुदानी कामगारवर्ग रुजला नाही. गेला तो शिकलेला, आणि मोजकाच.

सामान्य सुदानी गेला आखातात. १९७० च्या दशकात तेलाचे भाव वाढले तेव्हा रत्नागिरी-रायगडची आपली माणसे जशी कुवेत, सौदीला निघाली, तसाच तोही निघाला. तिथे त्याला बाजार मिळाला, पण कफीलच्या हाताखाली. कमवा, पैसे पाठवा, करार संपला की परत जा. कोकणातल्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही.

१९८९ नंतर चित्र बदलले. बशीर यांच्या राजवटीने 'सार्वजनिक हित' असे गोंडस नाव देऊन हजारो सरकारी नोकर, प्राध्यापक, न्यायाधीश, अधिकारी घरी बसवले. डॉक्टरांनी संप केला तर त्यांना तुरुंगात टाकले. सुशिक्षित सुदान देशाबाहेर पडला. २००३ मध्ये दारफूरचे हत्याकांड सुरू झाले आणि त्यानंतर शेतकरी, गुराखी, शाळा अर्धवट सुटलेली पोरे निघाली. लिबिया, भूमध्य समुद्र, इटली, फ्रान्सचे कॅले बंदर. ब्रिटनमध्ये आज 'सुदानी समाज' म्हणून जे एकच लेबल लावले जाते, त्याखाली हे दोन्ही गट आहेत. एकीकडे रुग्णालयात काम करणारा डॉक्टर, दुसरीकडे रबरी होडीतून उतरलेला एकोणीस वर्षांचा मुलगा. दोघांची सरासरी काढली तर जो माणूस समोर येतो तो प्रत्यक्षात कुठेच राहत नाही. माझ्या सहकाऱ्यांनी पाहिलेल्या व्हिडिओत डॉक्टर नव्हता, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

होडीतून आलेल्या त्या मुलाचे पुढे काय होते? तो आश्रयाचा अर्ज करतो. निकाल लागेपर्यंत त्याला काम करण्याची मनाई असते. पूर्वी सहा महिने थांबल्यावर काम करता येई. ती सवलत २००२ मध्ये काढली गेली. आता वर्षभर निकाल लागला नाही तर परवानगी मागता येते, तीही सरकारने ठरवलेल्या थोड्याशा कामांसाठी. खोली सरकार देते, शहरही सरकारच ठरवते, आणि जेवण स्वतः बनवायचे असेल तर आठवड्याला ५० पौंडांच्या आत भत्ता. म्हणजे आधी कायद्याने हात बांधायचे आणि मग हा भत्त्यावर जगतो म्हणून बोट दाखवायचे. सुदानी अर्जदारांपैकी बहुसंख्यांना शेवटी आश्रय मिळतो, म्हणजे त्यांची कहाणी खरी ठरते. पण निकाल लागल्यावर त्याला खोली सोडायला वर्षानुवर्षे २८ दिवसांचीच मुदत होती. बँकेत खाते नाही, अनामत रक्कम नाही, ओळखीचा जामीनदार नाही, मधल्या काळात विसरलेले काम. आर्थिक आयुष्याची सुरुवात तिथून.

आता बल्गेरियन माणूस. त्यालाही काही पायघड्या घातलेल्या नव्हत्या. साम्यवादी काळात देश सोडणे हाच गुन्हा होता. १९९६-९७ च्या हिवाळ्यात बँका बुडाल्या, महागाई इतकी भडकली की लोकांची आयुष्यभराची बचत मातीमोल झाली. १ जानेवारी २००७ ला बल्गेरिया युरोपीय संघात आला, तरी ब्रिटनने सात वर्षे नोकरीवर निर्बंध ठेवले. शेतावरच्या हंगामी कामासाठी वर्षाला साधारण २१ हजार परवाने बल्गेरियन आणि रुमानियन लोकांत वाटले जात. स्ट्रॉबेरी खुडायची, कोबी कापायचा, शेतातल्या कॅराव्हॅनमध्ये झोपायचे. त्यात पदवीधरही असत. बाकीचे स्वयंरोजगारी म्हणून नोंद करून बांधकामावर आणि साफसफाईला जात, कारण तेवढी फट कायद्यात होती. १ जानेवारी २०१४ ला निर्बंध उठले तेव्हा ब्रिटिश वर्तमानपत्रांनी असा गहजब केला होता की दोन खासदार ल्यूटन विमानतळावर येणारे 'लोंढे' पाहायला जाऊन उभे राहिले. लोंढा काही आला नाही.

पण हिशेब पाहा. त्या वर्षी बल्गेरियात महिन्याचे किमान वेतन ३४० लेव्हा होते, म्हणजे सुमारे १७४ युरो. ब्रिटनमध्ये तासाला किमान ६ पौंड ३१ पेन्स. तीन दिवस आठ-आठ तास राबले की गावाकडचा महिना निघाला. आणि मुख्य म्हणजे हा माणूस उतरल्या दिवसापासून कायद्याने काम करू शकत होता. मालक पिळत असेल तर दुसरीकडे जाऊ शकत होता. नाताळात स्वस्त विमानाने घरी, वसंतात परत. बल्गेरियन डॉक्टर आणि परिचारिकांची पदवी युरोपीय नियमाने मान्य होती, सुदानी डॉक्टरला मात्र वेगळी परीक्षा द्यावी लागे. पाठवलेला पैसा सरळ बँकेतून जाई. सुदानवर १९९७ ते २०१७ अमेरिकेचे आर्थिक निर्बंध होते, त्यामुळे बँका सुदानचे नाव निघाले की हात वर करत आणि आईच्या औषधाचे पैसे ओळखीच्या व्यापाऱ्यामार्फत पाठवावे लागत. बल्गेरियन माणूस घर बांधतो, कारण घर बांधायला गाव जागेवर आहे. दारफूरच्या मुलाचे गाव जळाले आहे.

याची किंमत बल्गेरियानेही दिली. १९८० च्या दशकात सुमारे ९० लाख असलेली लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेत ६५ लाखांवर आली. तरुण गेले, म्हातारे उरले. तेव्हा तेही काही यशाची परीकथा नाही.

इथपर्यंत लिहून मी थांबलो असतो, तर लेख सोपा झाला असता. युरोप गोऱ्याला दार उघडतो, काळ्याला अडवतो, मुसलमानाला जास्तच अडवतो. यात तथ्य आहेच. पण वाचताना एक गोष्ट अशी सापडली की ही मांडणी मला अपुरी वाटू लागली.

बल्गेरियाचा साधारण दहावा हिस्सा मुसलमान आहे, बहुतेक तुर्क. १९८४-८५ च्या हिवाळ्यात तिथल्या सरकारने गावांना वेढे घालून आठ लाखांहून अधिक मुसलमानांची नावे बदलली. अरबी-तुर्की नाव सोडून स्लाव नाव घ्या, त्यावर सही करा. मेलेल्यांचीही नावे नोंदवहीत बदलली गेली. १९८९ च्या मे महिन्यात लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा झिवकोव्ह यांनी तुर्कस्तानला आव्हान दिले की सीमा उघडून दाखवा. तुर्कस्तानने उघडली. ऑगस्टच्या उत्तरार्धात ती पुन्हा बंद होईपर्यंत तीन लाखांहून अधिक माणसे ट्रॅक्टर, गाड्या, रेल्वेने सीमेपार गेली. सरकारी भाषेत ते पर्यटनाला निघाले होते, म्हणून लोकांनी त्या पलायनाचे नावच 'मोठी सहल' ठेवले. तंबाखूची पाने शेतात तशीच उभी राहिली आणि ती तोडायला शहरांतून विद्यार्थी पाठवावे लागले.

तुर्कस्तानने त्यांना नागरिकत्व दिले, पदव्या मान्य केल्या, बुर्सासारख्या शहरांत त्यांच्यासाठी वसाहती बांधल्या. शिकलेले, कारखान्यात काम केलेले लोक होते ते. बायकाही कामाला सरावलेल्या. अडचणी आल्या, साधारण एक तृतीयांश लोक झिवकोव्ह पायउतार झाल्यावर परतही गेले. पण जे राहिले ते एका पिढीत स्थिरावले. पुढे २००७ मध्ये गंमत झाली. ज्यांनी बल्गेरियाचे नागरिकत्व टिकवले होते, त्यांच्या हाती युरोपीय संघाचा पासपोर्ट आला. ज्या देशाने नाव हिरावले, त्याच देशाच्या कागदावर आपले मूळ नाव घालून ते जर्मनीत, हॉलंडमध्ये, उत्तर लंडनमध्ये कामाला गेले. सहकाऱ्यांनी पाहिलेल्या व्हिडिओतला घर बांधणारा 'बल्गेरियन' कदाचित एखादा मेहमेदच असेल.

आता याच्या शेजारी इजिप्तमधला सुदानी ठेवा. भाषा एक, दीन एक, नदीसुद्धा एक. १९७६ च्या नाईल खोऱ्याच्या करारामुळे सुदानी माणूस इजिप्तमध्ये मोकळेपणाने जात, राहत, काम करत असे. १९९५ मध्ये अदिस अबाबात होस्नी मुबारक यांच्यावर हल्ला झाला, संशय सुदानवर आला, आणि ती सवलत गेली. राजवटीचा गुन्हा, शिक्षा मजुराला. निर्वासितांच्या आंतरराष्ट्रीय करारावर इजिप्तने सही केली ती प्राथमिक शिक्षण, रेशन आणि कामगार कायद्यांच्या कलमांना बगल देऊन. २००५ च्या डिसेंबरात कैरोच्या एका मशिदीसमोरच्या बागेत सुदानी निर्वासित तीन महिने ठाण मांडून बसले होते. पोलिसांनी पाण्याचे फवारे आणि लाठ्यांनी त्यांना हटवले, त्यात वीसहून अधिक जण मेले, त्यात मुलेही होती. हे कॅले नव्हते.

आणि तुर्कस्तानचे कौतुक करतानाही हात आखडता घ्यावा लागतो. १९८९ ला आले ते वंशाने तुर्क होते. १९३४ च्या वसाहत कायद्यात तुर्क वंशाच्या आणि संस्कृतीच्या लोकांसाठीच जागा होती. त्याच्याच एक वर्ष आधी, १९८८ मध्ये, सद्दामच्या हल्ल्यातून पळून आलेले इराकी कुर्द तिथेच छावण्यांत ठेवले गेले. तेही मुसलमानच. पुढे सीरियन आले तेव्हा त्यांना 'तात्पुरते संरक्षण' मिळाले, आणि कामाच्या परवान्याचा नियम यायला २०१६ साल उजाडले. मुहाजिर-अन्सार हे शब्द भाषणांत भरपूर वापरले गेले. बाजार मात्र वंश पाहून दाखवला गेला.

१५ एप्रिल २०२३ ला सुदानचे लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यात खार्टूममध्येच युद्ध पेटले. डॉक्टर, वकील, दुकानदार, शिक्षक असे सगळेच पळाले. दहा लाखांहून अधिक लोक इजिप्तमध्ये आले. जून २०२३ मध्ये तिथे सर्व सुदानींना व्हिसा सक्तीचा झाला. त्याआधी बायका, मुले आणि वयस्कर पुरुष व्हिसाविना जाऊ शकत. कैरो आणि गिझामध्ये पळून आलेल्या सुदानी शिक्षकांनी भाड्याच्या फ्लॅटमध्ये शाळा काढल्या. सुदानचाच अभ्यासक्रम. शिक्षकाला थोडा पगार, मुलांना वर्ग. मुहाजिरांनी स्वतः शोधलेला हा छोटा बाजार होता. २०२४ च्या जूनमध्ये परवाना नाही म्हणून त्या शाळांना टाळी लागली.

हे सगळे मी सहकाऱ्यांना मधल्या सुट्टीत थोडक्यात सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी विचारले, "आणि ती बल्गेरियाहून ट्रॅक्टरवर आलेली पोरे, त्यांचे काय झाले?" मी म्हटले, "शाळेत गेली, सर. त्याच वर्षी."