बटाट्याच्या रानातली शाळा

नवख्या गावात पाऊल टाकले म्हणजे आपण आधी काय विचारतो? चावडी कुठे, देऊळ कुठे, बाजार कोणत्या वारी भरतो. आता असे एक गाव डोळ्यांपुढे आणा, की जिथे सतरा हजारांवर घरे आहेत. पण चावडी नाही, नगरपालिका नाही आणि नगराध्यक्षही नाही. हे गाव मी मनाने रचलेले नाही. न्यू यॉर्क शहराच्या पूर्वेला लाँग आयलंड नावाचे लांबोडके बेट समुद्रात गेलेले आहे. त्या बेटावर, नासाऊ काउंटीत, ते आजही नांदते आहे. त्याचे नाव लेव्हिटाउन. आग विझवणाऱ्यांचे मंडळ, वाचनालयाचे मंडळ अशी लहान मंडळे सोडली, तर तिथल्या लोकांनी स्वतः निवडून द्यावे आणि स्वतःच्या पैशाने चालवावे असे मोठे मंडळ एकच, ते शाळेचे. म्हणून या गावाचा इतिहास सांगायचा तर शाळेच्या दारातूनच आत शिरावे लागते.

१९४७ पर्यंत इथे बटाटा पिकत होता. पण मुळांना लागणाऱ्या एका सूक्ष्म कृमीने त्या भागातली रानेच्या राने नासवली होती, आणि शेतकरी जमिनी विकायला तयार होते. त्याच सुमारास महायुद्ध संपवून लाखो शिपाई घरी आले होते. लग्ने झाली, पाळणे हलू लागले, पण राहायला जागा नाही! कोणी सासऱ्याच्या एका खोलीत, कोणी लष्कराच्या जुन्या पत्र्याच्या बराकीत दिवस काढी. लेव्हिट आणि मुलगे या कंपनीने ही निकड हेरली. मोटारीच्या कारखान्यात मोटार पुढे सरकते आणि कामगार जागच्या जागी असतो. इथे उलटे केले. घर जागेवर आणि कामगारांच्या टोळ्या पुढे सरकताहेत. एक टोळी फक्त जमिनीवर काँक्रीटचा थर ओतणार, दुसरी फक्त चौकटी उभ्या करणार, तिसरी नुसता रंग देणार. काम भरात आले तेव्हा दिवसाला तीस घरे उठत. १९४७ च्या ऑक्टोबरात पहिली कुटुंबे राहायला आली आणि १९५१ पर्यंत १७,४४७ घरे झाली. साडेसातशे चौरस फुटांचे घर, पुढे-मागे अंगण. माजी शिपायाला भाडे महिना ६० डॉलर. पुढे १९४९ पासून घरे ७,९९० डॉलरला विकतही मिळू लागली. घरे इतकी सारखी, की नवरा संध्याकाळी चुकून शेजारच्या दाराला किल्ली लावी, अशा गोष्टी लोक अजून हसत हसत सांगतात.

या स्वस्ताईला एक काळी किनार होती, ती झाकून चालणार नाही. भाडेपट्ट्यातच कलम घातलेले होते, की गोऱ्या वंशाखेरीज इतर कोणी या घरात राहता कामा नये. मोलकरीण, नोकर तेवढे अपवाद. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की असली बंधने न्यायालये राबवणार नाहीत. कलम कागदावरून गेले, पण वहिवाट गेली नाही. ज्या काळ्या शिपायाने तेच युद्ध लढले त्याला लेव्हिटाउनमध्ये दार बंद. त्यामुळे तिथल्या शाळेच्या बाकावर पुढे कितीतरी वर्षे जवळजवळ सारी गोरीच मुले बसली. हे लक्षात ठेवा; या गोष्टीकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

आता शाळेकडे वळू. लेव्हिटने घरे दिली, छोटे बाजार दिले, नऊ पोहण्याचे तलाव दिले. शाळांसाठी जागा राखल्या, पण शाळा बांधणे हे रहिवाशांचे काम होते. आपल्याकडे ‘ही शाळा कोणाची?’ असे विचारले, तर उत्तर येते जिल्हा परिषदेची, नगरपालिकेची, नाहीतर अमुक शिक्षणसंस्थेची. अमेरिकेत उत्तर येते, ‘आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टची.’ डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे, चार-दोन मैलांचीसुद्धा हद्द असते. त्या हद्दीतले मतदार एक स्कूल बोर्ड निवडतात. बोर्डाचे सभासद शेजारपाजारचेच. कोणी विमा विकणारा, कोणी गृहिणी, आणि पगार कुणालाच नाही. हे बोर्ड शिक्षक नेमते, पुस्तके ठरवते, आणि खर्चाचा मोठा भाग घरपट्टीतून उभा करते. न्यू यॉर्क राज्यात मोठी शहरे सोडली, तर शाळेचे अंदाजपत्रक दरवर्षी मताला टाकावे लागते. लोकांनी ते पुन्हा पुन्हा फेटाळले, तर काटकसरीचे अंदाजपत्रक लागू होते. मग नव्या सामानाला कात्री, खेळांना कात्री, सहलींना कात्री. म्हणजे मुलाने फुटबॉल खेळायचा की नाही, हे त्याच्या गल्लीतल्या निपुत्रिक म्हाताऱ्याच्या मतावरही अवलंबून! मला ही पद्धत एकाच वेळी फार सुंदर आणि फार धोक्याची वाटते.

लेव्हिटची घरे एका डिस्ट्रिक्टमध्ये मावली नाहीत. रस्ते आखणाऱ्याने शाळांच्या जुन्या, खेड्यांच्या काळातल्या हद्दी पाहिल्याच नव्हत्या. काही घरे लेव्हिटाउन डिस्ट्रिक्टमध्ये, काही आयलंड ट्रीजमध्ये, काही हिक्सव्हिल आणि ईस्ट मेडोमध्ये गेली. एकाच कारखान्यातून निघाल्यासारखी दोन घरे, पण मुले वेगवेगळ्या हायस्कुलांत आणि घरपट्टी वेगवेगळी. आणि मुले तरी किती! साऱ्या वस्तीत तरणीताठी जोडपी. थट्टेने लोक त्या वस्तीला सशांचे खुराडे म्हणत. १९६० च्या शिरगणतीत लेव्हिटाउनची वस्ती ६५ हजारांवर गेली. त्या काळात लाँग आयलंडच्या अशा वाढत्या डिस्ट्रिक्टांत एक इमारत पुरी होते न होते तोच दुसरीचा पाया खणावा लागे, आणि मुले सकाळ-दुपार अशा दोन पाळ्यांत बसत. आपल्याकडच्या शहरांतल्या पालकांना हे काही नवीन नाही.

पुढे मेमोरियल, डिव्हिजन अव्हेन्यू आणि मॅकआर्थर अशी हायस्कुले उभी राहिली, शेजारी आयलंड ट्रीजचे हायस्कूल झाले. तिथला दिवस कसा जातो तो पाहा. पिवळी बस कोपऱ्यावर येते. (हा पिवळा रंग १९३९ साली कोलंबिया विद्यापीठात भरलेल्या एका परिषदेत ठरला, आणि तेव्हापासून साऱ्या देशाच्या शाळेच्या बसना तोच.) आपल्याकडे घंटा झाली की मास्तर वर्ग बदलतात, तिथे मास्तर जागेवर, आणि हजार-दीड हजार मुलांचा लोंढा बोळांतून वाहतो. प्रत्येकाचे लोखंडी कपाट, त्याच्या दारावर आतून चिकटवलेली चित्रे. शरदात फुटबॉल, त्याबरोबर झगझगीत गणवेशातला बँड. वर्षअखेर मुलामुलींचा नाच, त्यासाठी बापाची मोटार मागायची. मग शेवटच्या वर्षाचे छायाचित्रांचे पुस्तक, त्यात एकमेकांच्या सह्या. बाहेरून पाहणाऱ्याला हा सारा थिल्लरपणा वाटेल. पण जुनी देवळे नाहीत, जत्रा नाही, आजोबांनी लावलेले झाड नाही, अशा वस्तीत गाव म्हणून चार माणसे एकत्र यायची ती या मैदानाच्या कडेलाच.

याच घरांतला एक मुलगा पुढे साऱ्या जगाला माहीत झाला. गायक बिली जोएल हिक्सव्हिलच्या हद्दीतल्या लेव्हिट-घरात वाढला. रात्री बारमध्ये पियानो वाजवायचा, सकाळी झोपायचा. इंग्रजीची परीक्षा हुकली आणि १९६७ साली हिक्सव्हिल हायस्कूलचे प्रमाणपत्र मिळाले नाही. पंचवीस वर्षांनी, १९९२ मध्ये, त्याने निबंध लिहून बोर्डाकडे पाठवले. तोवर त्याच्या गाण्यांच्या लाखो तबकड्या खपल्या होत्या. बोर्डाने निबंध पसंत केले आणि प्रमाणपत्र दिले, ते घ्यायला तो मुलांच्या समारंभात स्वतः हजर राहिला.

पैशाची गोष्ट मात्र एवढी गोड नाही. ज्या डिस्ट्रिक्टच्या हद्दीत मोठा कारखाना, त्याची तिजोरी भरलेली. कर कारखाना देतो. चंद्रावर उतरणारे यान बनवणारा ग्रमनचा कारखाना शेजारच्या बेथपेजमध्ये होता. लेव्हिटाउनमध्ये नुसती घरे, तीही लहान. लहान घराची पट्टी थोडी, पण त्या घरातून शाळेत येणारी मुले तीन-चार. शेवटी १९७४ मध्ये लेव्हिटाउनच्या स्कूल बोर्डाने इतर गरीब डिस्ट्रिक्टांना बरोबर घेऊन राज्यावरच दावा लावला. एकूण सत्तावीस डिस्ट्रिक्ट होते, पुढे न्यू यॉर्कसारखी मोठी शहरेही त्यात सामील झाली. म्हणणे असे, की मुलाचे शिक्षण त्याच्या शेजाऱ्याच्या घराच्या किमतीवर ठरावे हा कुठला न्याय? १९७८ मध्ये खालच्या न्यायालयाने त्यांची बाजू मानली. त्याच साली लेव्हिटाउनच्या शिक्षकांनी संप केला आणि तो महिन्यावर चालला. राज्याच्या कायद्याने संपाच्या एका दिवसाला दोन दिवसांचा पगार कापला जातो, हे माहीत असूनही. पण १९८२ च्या जूनमध्ये राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने निकाल फिरवला. राज्यघटना प्रत्येक मुलाला पायाभूत, चांगले शिक्षण देण्याची हमी देते. सर्वांना सारखे देण्याची हमी देत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. कायद्याच्या काट्यावर ते तोलून असेल. ज्याचे मूल लहान घरातून शाळेत जाते त्याला ते पटणे अवघड होते.

तोपर्यंत ओहोटीही लागली होती. सशांची पिल्ले मोठी होऊन निघून गेली, घरांत म्हातारी उरली. ज्या डिस्ट्रिक्टला इमारती पुरत नव्हत्या, त्याने १९८४ मध्ये मेमोरियल हायस्कूल बंद केले.

आणि आता त्या बंद दाराकडे परत येऊ. १९७५ च्या नोव्हेंबरात एका रात्री आयलंड ट्रीजच्या बोर्डाचे दोन सभासद हायस्कूलमध्ये आले, रखवालदाराकडून ग्रंथालय उघडून घेतले आणि कार्डे चाळू लागले. त्यांच्याजवळ पालकांच्या एका परिषदेतून मिळालेली आक्षेपार्ह पुस्तकांची यादी होती. त्यातली नऊ सापडली. नंतर आणखी दोन मिळून अकरा झाली आणि १९७६ मध्ये बोर्डाने ती काढून घेतली. कोणती होती ती? रिचर्ड राइट यांचे ‘ब्लॅक बॉय’. लँग्स्टन ह्यूज यांनी संपादित केलेला निग्रो लेखकांच्या कथांचा संग्रह. एल्ड्रिज क्लीव्हर, अॅलिस चाइल्ड्रेस, पिरी टॉमस. व्हॉनेगटची युद्धकादंबरी. पुलित्झर पारितोषिक मिळालेली दोन पुस्तके. आता आधीचे कलम आठवा. ज्या वस्तीत काळा शेजारी राहायला येऊ शकत नव्हता, तिथल्या पोराला काळ्या माणसाचे मन कळायचे तर ते या कपाटातच भेटणार होते. आणि तिथूनही त्याला हलवले गेले.

शाळेच्या मुख्य अधिकाऱ्यांनी सांगून पाहिले, की अशा पुस्तकांसाठी आपली ठरलेली पद्धत आहे, समिती नेमा. समिती नेमली, चार पालक, चार शाळेतले. तिने पाच पुस्तके ठेवावीत असे कळवले. बोर्डाने एक बिनशर्त परत दिले, ‘ब्लॅक बॉय’ पालकांच्या संमतीने, बाकी नऊ नाहीच.

बोर्डाची बाजू अगदीच टाकाऊ नव्हती, हे सांगितले पाहिजे. आम्हाला लोकांनी निवडून दिले, लोक घरपट्टी भरतात, मग त्यांच्या मुलांनी काय वाचावे हे आम्ही नाही ठरवायचे तर कोणी? काही पुस्तकांतली भाषा खरोखर राठ आहे. पण एक माणूस या हिशेबात धरलाच नव्हता, तो म्हणजे वाचणारा मुलगा. विद्यार्थी-मंडळाचा अध्यक्ष स्टीव्हन पिको आणि त्याचे चार सोबती १९७७ मध्ये न्यायालयात गेले. त्यांतला एक तर अजून ज्युनियर हायस्कुलात होता.

याच काउंटीतल्या हेरिक्स नावाच्या डिस्ट्रिक्टमध्ये सकाळी बावीस शब्दांची एक सरकारी प्रार्थना म्हणवून घेत. पालकांनी दावा केला आणि २५ जून १९६२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती प्रार्थना घटनाबाह्य ठरवली. बरोबर वीस वर्षांनी, २५ जून १९८२ रोजी, पिकोचा निकाल लागला. पाच विरुद्ध चार. पाचांचेही सारे एकमत नव्हते. चौघांनी म्हटले, की पुस्तकातले विचार आवडले नाहीत एवढ्याच कारणाने बोर्डाला ते ग्रंथालयातून काढता येणार नाही, आणि पाचव्याने एवढेच म्हटले, की खटला खाली नीट चालू द्या. विरुद्ध बाजूच्या चौघांचा मुद्दा तोच जुना: शाळा गावाची, गावाला ठरवू द्या.

खटला पुन्हा चालवण्याऐवजी ऑगस्टमध्ये बोर्डाने पुस्तके परत ठेवायचे ठरवले, पण एक मेख मारून. जो विद्यार्थी त्यातले पुस्तक घरी नेईल, त्याच्या पालकांना ग्रंथपालाने लेखी कळवायचे. वाचनालयातून कोणी काय नेले हे गुप्त राहावे असा राज्याचा कायदा होता. तिकडे बोट दाखवल्यावर १९८३ च्या जानेवारीत ती मेखही उपटली गेली. पिको तोवर शाळेतून केव्हाच बाहेर पडला होता. पुस्तके मात्र आपल्या जागी गेली, आणि ज्यांना आतापर्यंत त्यांची नावेही ठाऊक नव्हती अशी मुले ती मागायला येऊ लागली असतील, असा माझा आपला अंदाज आहे.